पाटी तुमची, परवाना दुसऱ्याचा: दुबईत क्लास काढू पाहणाऱ्या एका शिक्षिकेस

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ठाण्यात नौपाड्याला गेली ११ वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांचे गणित आणि विज्ञानाचे क्लास घेते. सध्या साठेक मुले आहेत, सगळी राज्य मंडळाची. यजमानांना सहा महिन्यांपूर्वी दुबईत नोकरी लागली असून सातवीतल्या मुलीला घेऊन मी मार्चअखेर तिकडे जाणार आहे. क्लास हेच माझे आयुष्य आहे, तो सोडून घरी बसणे मला जमणार नाही. नणंदेच्या यजमानांचे एक परिचित दुबईत बरीच वर्षे आहेत. त्यांचे म्हणणे असे, की त्यांच्याकडे आधीच एका कंपनीचा परवाना आहे, त्याच नावावर आपण क्लास सुरू करू. सुरुवातीला फ्लॅटमध्येच बॅच घेऊ, जम बसला की जागा पाहू. भांडवल मी २५ लाख घालायचे आणि नफ्यात त्यांचा ३० टक्के वाटा. एफडी मोडून पैसे पाठवायची तयारी केली आहे. घरातून घाई चालू आहे. मी काय करावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यातला बराचसा भाग मी स्वतः जगलेला आहे. शारजा आणि दुबईत मिळून मी १४ वर्षे शिकवले, त्यातली पहिली काही वर्षे अगदी तुमच्यासारखीच, म्हणजे अंगात उत्साह भरपूर आणि कागदपत्रांची समज शून्य, अशी गेली. म्हणून आधी उत्तर देते आणि कारणे नंतर सांगते. ते २५ लाख पाठवू नका. दुसऱ्याच्या परवान्यावर क्लास सुरू करू नका. दुबईत गेल्यावर स्वतःच्या नावाने खासगी शिकवणीचा वैयक्तिक परवाना घ्या, एक पूर्ण शैक्षणिक वर्ष मोजक्या मुलांना शिकवा, आणि संस्था काढायची की नाही हे त्या वर्षाच्या शेवटी ठरवा. ठाण्याचा क्लास तोवर बंद करू नका. तुमच्या हाताखाली तयार झालेली एखादी शिक्षिका असेल तर तिच्याकडे तो सोपवा, आणि तिला पगारावर न ठेवता वाट्यावर ठेवा, म्हणजे ती तो आपला समजून चालवील.

हा वैयक्तिक परवाना काय आहे, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या परिचितांनी त्याचा उल्लेखही केलेला दिसत नाही. संयुक्त अरब अमिरातीत घरगुती शिकवण्या वर्षानुवर्षे चालत होत्या आणि त्या बेकायदा होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून खासगी शिक्षकांसाठी वर्क परमिट सुरू केले. त्याला शुल्क नाही, त्याची मुदत दोन वर्षांची असते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. शाळेत नोकरी करणारे शिक्षक तर त्याला पात्र आहेतच, पण नोकरी नसलेल्या व्यक्ती, विद्यापीठातले विद्यार्थी, इतकेच काय १५ ते १८ वर्षांची शाळकरी मुलेही पात्र आहेत. तुम्ही यजमानांच्या व्हिसावर राहणार आहात आणि नोकरी करणार नाही, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात येता. अर्जाबरोबर एका आचारसंहितेवर सही करावी लागते. अर्ज नामंजूर झाला तर पुन्हा अर्ज करण्यासाठी सहा महिने थांबावे लागते, म्हणून तो घाईघाईत अर्धवट कागदांवर भरू नका. या परवान्यावर एका मुलाला किंवा लहान गटाला शिकवता येते. मात्र तो व्यक्तीला दिलेला परवाना आहे, जागेला नाही. त्याच्या जोरावर दारावर पाटी लावणे, शिक्षक नेमणे किंवा फ्लॅटचे वर्ग करणे चालत नाही.

फ्लॅटमधल्या बॅचबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगते. परमिट नव्हते त्या काळातली. दुबई-शारजाच्या सीमेवर अल नहदा नावाची वस्ती आहे, तिथे आमच्या मजल्यावर एक बाई भौतिकशास्त्र शिकवायच्या. शिकवणे इतके सुरेख, की माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मी त्यांच्याकडे पाठवले होते. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या दाराबाहेर शाळेच्या काळ्या बुटांच्या अकरा जोड्या ओळीने लागलेल्या असायच्या. त्या अकरा जोड्यांनीच घात केला. लिफ्टमध्ये गर्दी होते म्हणून शेजाऱ्याने तक्रार केली, इमारतीच्या रखवालदाराने व्यवस्थापनाला कळवले, आणि घरमालकाने राहण्यासाठी दिलेल्या जागेत व्यवसाय चालतो म्हणून नोटीस पाठवली. बाईंनी दोन दिवसांत क्लास बंद केला, महिन्याची फी पाकिटात घालून प्रत्येक घरी परत नेऊन दिली. जानेवारीचा तिसरा आठवडा होता, बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. फी परत मिळाल्याचे कुणालाच समाधान नव्हते. बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. चोरी पकडली गेल्यासारखा. इतक्या चांगल्या शिक्षिकेला ते सोसावे लागायला नको होते, आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहीत आहे.

आता तुमच्या परिचितांच्या परवान्याविषयी. त्यांना एकच प्रश्न विचारा: परवान्यावर व्यवसायाचा प्रकार काय लिहिला आहे? दुबईत परवान्यावर प्रत्येक कंपनीला नेमका कोणता व्यवसाय करता येईल ते लिहिलेले असते, आणि लिहिले असेल तेवढेच करता येते. व्यापाराचा परवाना असलेली कंपनी मुलांना शिकवू शकत नाही. शिकवण्याच्या व्यवसायासाठी दोन दारे ओलांडावी लागतात. एक, दुबईच्या अर्थ व पर्यटन विभागाकडे कंपनीची नोंदणी, आणि दुसरे, केएचडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्ञान व मनुष्यबळ विकास प्राधिकरणाची शैक्षणिक परवानगी. हे प्राधिकरण २००६ मध्ये स्थापन झाले आणि दुबईतल्या खासगी शाळांपासून प्रशिक्षण संस्थांपर्यंत सगळ्यांवर त्याची देखरेख असते. संचालक कोण, शिकवणार कोण, त्यांच्या पदव्या कोणत्या, जागा कशी, आग लागली तर मुले बाहेर कुठून पडणार, हे सगळे पाहिले जाते. अबू धाबीत आणि शारजात प्राधिकरणे वेगळी आहेत, त्यामुळे दुबईच्या परवानगीवर दहा मिनिटांच्या अंतरावरच्या शारजात शाखा काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मोठ्या संस्थांनाही ही दारे चुकत नाहीत. पुण्याच्या सिंबायोसिसने दुबईत विद्यापीठाची शाखा काढली, नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले, तेही तिथल्या मान्यता घेऊनच.

इथे मी स्वतः एक चूक केली होती, ती सांगते. एका एजंटाने मला दुसऱ्या एका अमिरातीच्या फ्री झोनमधला, म्हणजे वेगळे नियम असलेल्या व्यापारक्षेत्रातला, स्वस्त परवाना मिळवून दिला. त्यावर शैक्षणिक सल्ला असे लिहिले होते. मी इंग्रजीतला तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला आणि आपला क्लास आता कायदेशीर झाला, अशा समजुतीत राहिले. सात-आठ महिन्यांनी दुबईत दोन खोल्या भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा जागेच्या कार्यालयातल्या मुलीने कागद पाहून अगदी सौम्यपणे विचारले, की केएचडीएचे पत्र कुठे आहे. तेव्हा कळले, की सल्ला देणे वेगळे आणि वर्गात बसवून मुलांना शिकवणे वेगळे. आणि त्या फ्री झोनच्या परवान्यावर दुबईच्या मुख्य भूमीवर, म्हणजे फ्री झोनच्या बाहेर, जागा घेऊन क्लास चालवता येत नव्हता. एजंटाने फोन उचलणे बंद केले. परवान्याचे वर्षाचे शुल्क गेले ते गेलेच. म्हणून कुणीही परवाना दाखवला, की आधी त्यावरचा व्यवसायाचा प्रकार, मग तो कोणत्या अमिरातीचा, मग मुदत, आणि शेवटी नाव, या क्रमाने वाचायची सवय लावून घ्या.

नावाचा मुद्दा शेवटी घेतला, पण तुमच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आहे. परवाना त्यांच्या नावावर म्हणजे कंपनी त्यांची, बँकेतले खाते त्यांचे, भाडेकरार त्यांचा, शिक्षकांचे व्हिसा त्यांच्या सहीने. पैसे तुमचे, मेहनत तुमची, मुले तुमच्या नावावर येणार, आणि कायद्याच्या दृष्टीने तुम्ही त्या कंपनीत कुणीच नाही. उद्या मतभेद झाले तर तुमच्या हातात काय राहील? माणूस वाईट आहे असे मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखतही नाही. पण चांगला माणूसही आजारी पडतो, दुसऱ्या धंद्यात अडकतो, देश सोडून जातो. पूर्वी दुबईच्या मुख्य भूमीवर कंपनी काढायची तर ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असावा लागे, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाशिवाय गत्यंतर नव्हते. जून २०२१ पासून बहुसंख्य व्यवसायांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी घेता येते. ज्या अडचणीमुळे लोक दुसऱ्याच्या नावाचा आसरा घेत, ती बहुतांशी दूर झाल्यावर तुम्ही तो का घ्यावा?

पैशाकडे वळू. तुमच्या २५ लाखांचे आज साधारण एक लाख दिरहॅम होतात, थोडे इकडे-तिकडे. ठाण्यात २५ लाख ही मोठी रक्कम वाटते, आणि आहेच, पण तिकडे ती कशी विरघळते ते एका उदाहरणावरून पाहा. समजा, दोन वर्गखोल्यांच्या जागेचे वर्षाचे भाडे ९०,००० दिरहॅम ठरले. ही रक्कम केवळ उदाहरणासाठी घेतली आहे, वस्तीप्रमाणे ती बरीच बदलेल. भाडे दरमहा देत नाहीत. करार करतानाच पुढच्या तारखांचे चेक द्यावे लागतात, बहुधा चार. म्हणजे प्रत्येकी २२,५०० चे चार चेक. एप्रिलमध्ये करार केला तर पहिला एप्रिलमध्ये वटेल आणि दुसरा जुलैमध्ये. आता जुलैत काय होते? भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथेही एप्रिलमध्येच सुरू होतात, पण जूनअखेर बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. दोन महिने. मुले आईवडिलांबरोबर भारतात, क्लास रिकामा, फी शून्य, आणि चेक मात्र आपल्या तारखेला बँकेत हजर. मार्च परीक्षांत आणि निकालात जातो. हिशेब केला तर फीचे महिने उरतात नऊ. ९०,००० ला बाराने भागून महिन्याचे भाडे ७,५०० धरणारी शिक्षिका पहिल्याच उन्हाळ्यात अडचणीत येते, कारण प्रत्यक्षात तिने नऊने भागायला हवे होते आणि दरमहा १०,००० बाजूला काढायला हवे होते. ठाण्यात आपण मे महिन्याच्या सुट्टीतच पुढच्या इयत्तेची बॅच सुरू करतो, सुट्टी हा आपल्या कमाईचा काळ असतो. तिथे उलट आहे. हा एक फरक नीट समजला नाही म्हणून चांगले चाललेले क्लास बुडालेले मी पाहिले आहेत.

आणि चेकच्या बाबतीत तिथे कुणी गाफील राहू नये. २०२२ पासून पुरेशी रक्कम नसल्यामुळे चेक न वटणे हा बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण न वटलेला चेक थेट न्यायालयाच्या वसुली प्रक्रियेत नेता येतो. तो चेक तुमच्या सहीचा असेल तर जबाबदारी तुमची, आणि परिचितांच्या कंपनीचा असेल तर तुमचे पैसे कुठे गेले हे तुम्हाला शेवटी कळेल.

एफडी मोडण्यापूर्वी हेही वाचा. तुम्ही भारतात राहत असताना २५ लाख बाहेर पाठवलेत तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जातील. त्या योजनेची मर्यादा वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, तेव्हा रक्कम बसते. पण १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, कापते, म्हणजे तुमच्या बाबतीत उरलेल्या १५ लाखांवर ३ लाख. ते पुढे प्राप्तिकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात, आणि नव्या व्यवसायाला नेमके तेव्हाच पैसे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसे कशासाठी पाठवता हे बँकेला लिहून द्यावे लागते. कुटुंबाच्या निर्वाहासाठी किंवा भेट म्हणून पाठवा, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तो ऐकू नका. तो खोटा जबाब होतो आणि त्यावर सही तुमची असते. परदेशी कंपनीत भांडवल घालायचे तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत ठरावीक अर्ज भरून नोंद करावी लागते, भाग, म्हणजे शेअर, स्वतःच्या नावावर घ्यावे लागतात आणि पुढे दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. परिचितांच्या कंपनीत तुमच्या नावे एकही भाग नसेल, तर तुमच्या २५ लाखांना गुंतवणूक म्हणताच येणार नाही.

थांबण्यात इथेही फायदाच आहे. अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने तुम्ही मार्चअखेर देश सोडलात, की परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी होता. बँकेला ते कळवा, बचत खाते आणि एफडी एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या, खात्यात बदलून घ्या. त्या खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम सनदी लेखापालाच्या दाखल्यासह बाहेर नेता येते, आणि त्यावर तो २० टक्क्यांचा टीसीएस लागत नाही. हे सगळे करण्यापूर्वी ठाण्यातल्याच एखाद्या अशा लेखापालाला भेटा, ज्याच्याकडे अनिवासी भारतीयांची कामे असतात. त्याची फी द्या. तुमच्या मुलांच्या पालकांतच असा कुणीतरी निघेल.

आता शिकवण्याबद्दल लिहिते. इतका वेळ कागदांवर घालवला, पण माझा जीव यातच आहे. तुम्ही ११ वर्षे बीजगणित आणि भूमिती हे दोन वेगळे पेपर शिकवले आहेत. दुबईत राज्य मंडळाची मुले तुम्हाला मिळणार नाहीत. सव्वादोनशेच्या आसपास खासगी शाळा आणि पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थी असलेल्या त्या शहरात सर्वाधिक मुले ब्रिटिश अभ्यासक्रमाची आहेत आणि त्याखालोखाल भारतीय, म्हणजे मुख्यतः सीबीएसईची. सीबीएसईत दहावीला गणिताचा एकच पेपर असतो, पण मुलाला बेसिक (सोपी पातळी) की स्टँडर्ड (नेहमीची) हे निवडावे लागते, आणि ही निवड बहुतेक घरांत शिक्षकाला विचारूनच होते. एखाद्या मुलाला भीतीपोटी बेसिक घ्यायला लावले आणि त्याला पुढे अकरावीत गणित हवे असले, तर त्याचे भविष्य तुमच्या एका वाक्याने अडू शकते. ती जबाबदारी घेण्याइतका तो अभ्यासक्रम तुमच्या हाताखालून जायला हवा. ब्रिटिश अभ्यासक्रमाचे आणखी वेगळे. तिथे मुले बऱ्याच पेपरांत गणनयंत्र वापरतात आणि काही प्रश्नांत उत्तर बरोबर आले तरी रीत दाखवली नाही म्हणून गुण जातात. आपल्याकडे पाढे तोंडपाठ असलेला मुलगा हुशार समजला जातो, तिथल्या परीक्षेत आकडेमोडीपेक्षा प्रश्नाची मांडणी तपासतात. मला स्वतःला दोन वर्षे लागली ते अंगवळणी पडायला. पहिल्या वर्षी तुम्ही फक्त सीबीएसईची आठवी ते दहावी घ्या. ब्रिटिश शाळांतल्या पालकांनी जास्त फी देऊ केली तरी मोहात पडू नका.

या कामाला दुबईत जाईपर्यंत थांबायचीही गरज नाही. ओळखीतल्या तीन-चार मराठी कुटुंबांतली मुले आत्तापासून ठाण्यातूनच ऑनलाइन घ्या. भारताची वेळ दीड तास पुढे आहे; मुले तिकडे पाच वाजता बसली तर तुमच्याकडे साडेसहा झालेले असतील, म्हणजे तुमची शेवटची बॅच थोडी सरकवावी लागेल, इतकेच. नफ्याचा विचार न करता त्यांच्या वह्या, शाळेच्या चाचण्या आणि गृहपाठ पाहा. नववीपर्यंत प्रत्येक मुलाला शाळेत अरबी शिकावे लागते, त्याची चाचणी कोणत्या आठवड्यात असते आणि त्या आठवड्यात मूल गणिताला किती वेळ देऊ शकते, हे पालकांना विचारा. शुक्रवारी शाळा दुपारपूर्वी सुटते, शनिवार-रविवार सुट्टी. शारजात तर शुक्रवारपासूनच सुट्टी असते. शुक्रवारची संध्याकाळ तुमच्यासाठी चांगली निघेल, असा माझा अनुभव आहे. रमजानमध्ये सगळ्याच वेळा बदलतात. हे वेळापत्रक एका वहीत मांडत जा. दुबईत मूल शाळेच्या बसने कधी घरी पोचते आणि तुमच्या वस्तीपर्यंत त्याला कोण आणणार, यावर क्लास चालणे-न चालणे बरेच अवलंबून असते. नौपाड्यात मूल चालत किंवा सायकलने येते. तिथे आईला गाडी काढावी लागते आणि ४५ अंशांच्या उन्हात पार्किंग शोधावे लागते.

करांबद्दल फार घाबरू नका, पण अंधारातही राहू नका. खासगी शिकवणीवर तिथे ५ टक्के व्हॅट लागतो आणि बारा महिन्यांची उलाढाल ३,७५,००० दिरहॅमपुढे गेली की नोंदणी सक्तीची होते. तुम्ही व्यक्ती म्हणून चार-सहा मुलांना शिकवाल तेव्हा त्या मर्यादेच्या बरेच आत असाल. कंपनी काढल्यावर ३,७५,००० दिरहॅमपुढच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. शिक्षक नेमलात तर पगार बँकेमार्फत ठरलेल्या पद्धतीनेच द्यावा लागतो, भरतीचा खर्च शिक्षकाकडून वसूल करता येत नाही, पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेता येत नाही, आणि नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून द्यावा लागतो. ठाण्याहून एखादी शिक्षिका बोलावण्याचा तुमचा विचार असेल तर हे सगळे तिच्या आधी तुम्हाला माहीत हवे.

निघण्यापूर्वी इथली कामे मात्र उरकून घ्या, कारण तिकडून ती करणे फार कटकटीचे होते. बीएस्सी आणि बीएडच्या मूळ पदव्यांचे साक्षांकन राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतला अमिरातीचा वाणिज्य दूतावास या क्रमाने होते; अमिराती अपोस्टिल करारात (ज्यात सहभागी देश एकमेकांच्या कागदांवर एकच शिक्का पुरेसा मानतात) नसल्यामुळे नुसते अपोस्टिल चालत नाही. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखला काढा. लग्नाचा दाखला आणि मुलीच्या जन्माचा दाखला यांचेही साक्षांकन लागेल. लग्नापूर्वीच्या आडनावाने पदवी असेल, तर नावातल्या बदलाचे राजपत्र बरोबर ठेवा. माझे तीन आठवडे केवळ या एका कागदापायी गेले होते.

नणंदेच्या यजमानांना काय सांगावे, हाही प्रश्न तुमच्या पत्रात न लिहिता लिहिलेला आहे. नाते राखून नकार देता येतो. त्यांना सांगा: “भाऊजी, तुम्ही माझ्यासाठी एवढी खटपट केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण मला पहिले वर्ष माझ्या नावाच्या परमिटवर शिकवायचे आहे. संस्था काढायची वेळ आली की तुमच्या परिचितांशी नक्की बोलेन, आणि तेव्हा भागीदारी झालीच तर परवान्यावर माझे नाव आणि माझा वाटा लिहिलेला असेल.” यावर ते परिचित खुशीने हो म्हणाले, तर पुढच्या वर्षी त्यांच्याशी जरूर बोला, तिथे बरीच वर्षे काढलेल्या माणसाची मदत मोलाची असते. नाराज झाले, तर त्यांचे स्वारस्य कशात होते ते तुम्हाला २५ लाख न घालवता कळेल.

राहिली मुलगी. तिची शाळा सगळ्यांत आधी ठरवा, घरसुद्धा त्यानंतर. शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित करून न्यावा लागतो, आणि एप्रिलच्या सत्रासाठी चांगल्या सीबीएसई शाळांतल्या आठवीच्या जागा लवकर भरतात, म्हणून यजमानांना या आठवड्यातच चौकशी करायला सांगा. त्या शाळेच्या बसच्या वाटेवर घर घ्या. तुमची पहिली मुले तिच्याच वर्गातून येतील, तिच्याबरोबर दप्तर घेऊन, आणि त्यांच्या आया तुमच्याकडे आधी मैत्रिणी म्हणून येतील. सहाच्या वर पहिल्या सत्रात घेऊ नका. जूनअखेर शाळा बंद झाल्या, की ती वेळापत्रकाची वही आणि सहा मुलांच्या चाचण्यांचे गुण घेऊन मला पुन्हा लिहा. जागेचा हिशेब आपण तेव्हा मांडू.